रिकाम्या हातांचा नेम

१

शनिवारी सकाळी सुचित्रा वरणभाताचा कुकर उतरवायची, सिंगापूरमधल्या हौगांगच्या फ्लॅटचं लोखंडी दार ओढून घ्यायची आणि बस पकडून रायफल क्लबवर जायची. खांद्याला कापडी पिशवी असे. पिशवीत पाण्याची बाटली, जुन्या सुती साडीचं फडकं, तेलाची डबी आणि कानांवर चढवायचे मफ. तिचा नवरा श्रीनिवास होता तेव्हा हीच पिशवी त्याच्या खांद्याला असायची. तो चिनी नववर्षाच्या सुट्टीत गेला. खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत सिंहनाचाचे ढोल वाजत होते आणि वर, आतल्या खोलीत, त्याचा श्वास थांबला होता. ढोल थांबल्यावर ते तिच्या लक्षात आलं.

रायफल पिशवीत नसे. या देशात बंदूक घरी आणायचा कुणी विचारही करत नाही. ती क्लबच्या आर्मरीत, जाड दारामागे, साखळीत उभी असायची. मिस्टर को नावाचे साठीचे गृहस्थ ती काढून द्यायचे. शनिवारी रेंजवर देखरेख करायचं कामही त्यांच्याकडेच असायचं. "मॅडम, युवर हजबंड्स बेबी," म्हणून ते रायफल दोन्ही हातांनी पुढे करायचे.

बेबी जर्मन होती. आयटीच्या नोकरीत श्रीनिवासची काही वर्षं दक्षिण जर्मनीतल्या एका गावात गेली. तिथल्या शेजाऱ्याच्या नादाने तो जंगलात जाऊ लागला, आणि पुण्यात अंडंसुद्धा घराबाहेर खाणाऱ्या या माणसाने चक्क शिकारीची परीक्षा दिली. मग ही रायफल घेतली. साध्या रायफलीचा बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि खाली पाडायचा असतो. हिचा नुसता सरळ मागे आणि सरळ पुढे. सर्र, खट. दस्त्यावरचा गाल हलत नाही, दुर्बिणीतला डोळा निघत नाही. मागे अंगठ्याशी एक खटका होता. तो पुढे सारला की रायफल जागी व्हायची, मागे घेतला की झोपायची.

"जनावर नुसतं जखमी झालं तर दुसरी गोळी लगेच हवी," श्रीनिवास सांगायचा. "त्याला तळमळत ठेवायचं नाही." त्याने मोजकीच हरणं मारली असतील. प्रत्येक वेळी घरी येऊन तो न जेवता झोपला होता. पुढे सिंगापूरची नोकरी आली, रायफल बरोबर आली आणि शिकार संपली. इथे समोर फक्त कागद.

तो गेल्यावर दोनच वाटा होत्या. रायफल जमा करून तिचे तुकडे होऊ द्यायचे, नाहीतर घरातल्या कुणी शिकून रीतसर परवाना काढायचा. इरा म्हणाली, "आई, प्लीज, ती देऊन टाक." इरा त्यांची एकुलती एक मुलगी, युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी. सुचित्राने तिचं बहुतेक सगळं ऐकलं असतं. हे एक ऐकलं नाही. शेवटच्या महिन्यांत श्रीनिवासचं सगळं एकेक करून मोडत गेलं होतं. अक्षर गेलं, चाल गेली, नावं गेली. ही एकच वस्तू धडधाकट राहिली होती, तिला करवत लागलेली सुचित्राला सोसली नसती. ती शिकली, परीक्षा दिली, परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला.

२

त्या शनिवारी रेंजवर फारशी माणसं नव्हती. ऊन अजून चढायचं होतं. सुचित्राने मफ चढवले. तेही श्रीनिवासचेच होते आणि जरा अजब होते. मोठा आवाज ते अडवत, पण बारीकसारीक आवाज मोठे करून कानात सोडत. पानांची सळसळ, शेजारच्याचा श्वास, बुटाखालचा खडा, सगळं अगदी जवळ यायचं. जंगलात उपयोगी, म्हणायचा तो.

तिने श्वास सोडला, चाप दाबला. खांद्याला धक्का बसला. उजवा हात अजून बोल्टकडे जायचा होता, तोच डावीकडून आवाज आला.

सर्र, खट.

कुणीतरी शेजारी बसलंय, तिने मनाशी म्हटलं आणि दुसरं काडतूस आत घेतलं. पुन्हा गोळी. पुन्हा तिचा हात निघायच्या आत डावीकडून सर्र, खट. तिने बोल्ट उघडा ठेवून मान वळवली. सात नंबरची लेन रिकामी होती. खुर्ची नव्हती. वर छपराला निळी ताडपत्री बांधलेली, खाली एक बादली.

"मिस्टर को, सातमध्ये कोण होतं?"

"सेव्हन? क्लोज्ड लाह, मॅडम. रूफ लीकिंग. सगळा महिना बंद."

मग पत्र्यावरून येणारा प्रतिध्वनी असेल. तिने तशी स्वतःची समजूत घातली. इंजिनिअरची बायको होती ती, स्वतः शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं होतं. पण प्रतिध्वनी आधी आणि आवाज नंतर, असं कसं होईल, हा प्रश्न तिने मुद्दामच पुढे नेला नाही. रायफल पुसली, तेलाचं बोट फिरवलं, परत दिली. बसमध्ये बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण तो आवाज आठवतोय आणि आपल्याला त्यात काहीतरी खटकतंय.

३

काय खटकलं ते तिला दुपारी तांदूळ धुताना कळलं.

जर्मनीत रायफल घरात असे. श्रीनिवास रोज संध्याकाळी रिकाम्या रायफलीवर सराव करायचा. इथे आल्यावर घरी रायफल नाही. मग तो पॅसेजच्या टोकाला उभा राहायचा आणि रिकाम्या हातांनीच सराव करायचा. डावा हात हवेत नळीखाली, उजवा चापाशी, मान किंचित कललेली. एक अंगठा पुढे सरायचा. मग हात मागे, हात पुढे. आणि आवाज तो तोंडाने काढायचा. अंगठ्याचा खटका म्हणजे टाळूला लावून सोडलेली जीभ, टक्. बोल्ट म्हणजे दातांतून सोडलेली हवा आणि मग पुन्हा जीभ. सर्र, खट.

लहान असताना इरा त्याच्या पायांत लुडबुडत त्याची नक्कल करायची. "बाबा, साऊंड इफेक्ट्स सो चीप लाह," असं इथल्या इंग्रजीसारखं शेवटी 'लाह'चं शेपूट लावून म्हणत दहावीतली इरा हसायची. सुचित्राही हसायची. ऑफिसातून आलेला, टाय सैल केलेला, पोट सुटत चाललेला नवरा पॅसेजमध्ये हवा धरून उभा आहे आणि तोंडाने बंदूक चालवतो आहे, हे पाहून कोण हसणार नाही?

नळ चालूच राहिला. पातेल्यातून तांदळाचं पाणी ओसंडून सिंकमध्ये जात राहिलं. रेंजवर ऐकलेल्या आवाजात पोलाद नव्हतंच. त्यात थुंकीचा ओलसरपणा होता. ती जीभ होती.

४

आजार डोक्यातला होता. गाठ अशा जागी होती की डॉक्टर फिल्म दाखवताना तिच्याभोवती पेनाने नुसतं गोल फिरवत होते, टोक टेकवत नव्हते. आधी शब्द गेले. मग तो चमचा उलटा धरू लागला. मग एके दिवशी सकाळी त्याने सुचित्राकडे पाहून अदबीने विचारलं, "आपण कोण?"

घरात एक शेल्टर होतं. इथल्या नव्या फ्लॅटांत असतं तसं, बॉम्ब पडले तर लपायला म्हणून बांधलेली जाड काँक्रीटची छोटी खोली, लोखंडी दाराची. सगळे तिथे बॅगा आणि तांदळाची पोती ठेवतात. श्रीनिवासला ती जागा आवडायला लागली. दार अर्धवट उघडं ठेवून तो आत अंधारात उभा राही आणि फटीतून पॅसेजकडे बघत बसे. तिथून बाहेर आणायला गेलं की तोंडावर बोट ठेवी. "श्शू. हलू नका. येईल आता."

एका दुपारी इरा कॉलेजातून आली. पाठीला बॅग, हातात बबल टी. पॅसेजमधून स्वतःच्या खोलीकडे निघाली आणि शेल्टरच्या फटीतून दोन हात बाहेर आले. डावा पुढे, उजवा मागे.

"हरिण," तो आत कुणाला तरी हळूच म्हणाला.

"बाबा, इट्स मी लाह."

हात खाली आले नाहीत. इरा एक पाऊल मागे सरली, तसे ते तिच्याबरोबर सरकले. टक्. सुचित्रा स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती. श्रीनिवासचा चेहरा तिला दिसत होता, आणि त्यावर राग नव्हता, वेड नव्हतं. एक दुःखी, शांत चिकाटी होती. तो मन लावून वाट बघत होता.

मग सर्र, खट. इराच्या हातातला पेला पडला. साबुदाण्याच्या काळ्या गोळ्या फरशीभर पसरल्या.

त्यानंतर तो फार दिवस जगला नाही, पण शेवटपर्यंत त्याने इराला ओळखलं नाही. तिने पाय चेपून दिले, पाणी पाजलं. तो तिच्याकडे पाहायचा ते लांबून, झाडांमधून पाहिल्यासारखं. इरा रडली नाही. तेरावा झाल्यावर तिने हॉस्टेल घेतलं. रविवारी जेवायला यायची, पण बाहेरच्या खोलीतच बसायची. पॅसेजमध्ये पाऊल टाकत नसे. तिच्या खोलीतलं काही हवं असेल तर आईला आणायला सांगायची.

५

सुचित्राने कुणाला काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ती घाबरलीही नाही, निदान सुरुवातीला नाही. पुढच्या शनिवारी निघताना तिने आरशासमोर उभं राहून केस नीट बांधले, आणि आपण हे कशासाठी करतोय हे कळल्यावर जरा लाजली.

आवाज यायचा. दर गोळीनंतर यायचा. तिला वाटायचं, रायफल माझ्या हातात आहे, म्हणून हा बिचारा रिकाम्या हातांनी चालवतोय. कधी ती गोळी झाडून बोल्टला हातच लावायची नाही, नुसती ऐकत राहायची. एकदा सात नंबरकडे न बघता हलकेच म्हणाली, "बरं आहे ना आता?" मफमधून फक्त ताडपत्रीचा फडफडाट आणि बादलीत पडणारा थेंब ऐकू आला. तरी घरी परतताना तिचं मन हलकं होतं. कितीतरी दिवसांनी तिने भाजीला फोडणी देताना गुणगुणलं.

मग आवाजाची वेळ बदलली.

रेंजवर अधूनमधून लाल दिवा लागतो. मिस्टर को ओरडतात, सगळे बोल्ट मागे ओढून उघडे ठेवतात, रायफली टेबलावर आडव्या करतात आणि माणसं चालत जाऊन समोरचे कागद बदलतात. तेवढा वेळ कुणी रायफलीला बोटही लावायचं नसतं. अशाच वेळी, एक जाडसर चिनी गृहस्थ आणि त्यांची बायको कागदांकडे चालत जात असताना, सुचित्राच्या कानात आलं.

टक्.

अंगठ्याचा खटका. एवढाच. पुढे काही नाही.

पत्रा तापला की वाजतो, तिने स्वतःला सांगितलं. पण त्यानंतर तो आवाज माणसं पुढे असतानाच येऊ लागला. तिच्या गोळ्यांनंतर आता डावीकडे शांतता असायची. कागदाशी त्याला काही देणंघेणं उरलं नव्हतं. त्या शांततेत एक दिवस तिला श्वास ऐकू आला, अर्धा सोडून धरून ठेवलेला. तोच तो शिकवायचा. श्वास अर्धा सोड, धर, आणि मग हलू नकोस. तिने मफ काढले. सगळे आवाज लांब गेले. पण मफ काढल्याने तो गेला असं तिला वाटेना. तो तिथेच होता, फक्त आता ऐकू येत नव्हता.

त्या रविवारी ती इराला म्हणाली, "तू म्हणतेस तेच बरोबर असेल बहुतेक. बघू, देऊन टाकू."

इराने ताटातून मान वर केली. "खरंच? मग मी येते बरोबर. शेवटचं एकदा बघते ती." थोडं थांबून म्हणाली, "मी कधी हात पण लावला नाही तिला. आय वॉन्ट टू बी ओके विथ इट, आई."

सुचित्राने नको म्हणायला हवं होतं. पण किती महिन्यांनी पोरगी आपणहून काहीतरी मागत होती.

६

इरा क्लबवर आली ती बदामी रंगाच्या कुडत्यात. मिस्टर कोंनी तिला पाहुण्यांचे मफ दिले. सुचित्राने तिला शेजारी उभं करून चार गोळ्या झाडल्या. डावीकडे काही नाही. ताडपत्रीही हलत नव्हती. सुचित्राला वाटलं, संपलं. देवाची दया, संपलं.

"नॉट बॅड, आई," इरा हसून म्हणाली. "तू तर बाबापेक्षा बरी."

लाल दिवा लागला. सुचित्राने बोल्ट मागे ओढला, आत काडतूस नाही हे पाहिलं, मिस्टर कोंनीही पाहिलं आणि मान हलवली. रायफल टेबलावर आडवी झाली. "कम, गर्ल, युवर मदर्स पेपर, यू टेक होम," ते म्हणाले. त्यांच्यामागे इरा गवतावरून पुढे निघाली, मागोमाग सुचित्रा. मफ काढायचे तिच्या ध्यानात राहिलं नाही.

थोडं चालल्यावर मागून आलं, "श्शू."

तिचे पाय तिथेच थांबले. इरा तशीच पुढे चालत होती, उन्हात, बदामी कुडत्यात, मान जराशी उंच करून.

मग सर्र, खट. आणि या वेळी त्यात जीभ नव्हती. ते पोलाद होतं. ते तिच्या स्वतःच्या टेबलावरून आलं होतं.

सुचित्रा वळली.

सात नंबरच्या लेनमध्ये ताडपत्रीची निळसर सावली पडली होती आणि त्या सावलीत दोन हात होते. डावा पुढे, उजवा मागे, मध्ये काहीच नाही. त्यांच्यामागे कललेला एक गाल. बाकीचा चेहरा तिला दिसला नाही, किंवा दिसला आणि तिने तो ठेवून घेतला नाही. पण गाल तिने पाहिला. तो दबला होता. समोर नसलेल्या दस्त्यावर घट्ट टेकल्यासारखा, त्यात लांबट खळगा पडलेला होता.

हात हलत होते, अगदी सावकाश. इराच्या चालीने.

सुचित्रा धावली. इराच्या मागे जाऊन तिला पाठीशी घातलं, दोन्ही हात पसरले, आणि टेबलांकडे तोंड करून मराठीत ओरडली, "श्री! इरा आहे ती. हरिण नाही रे. आपली इरा आहे!"

हात थांबले. आता ते सुचित्रावर होते. ती हलली नाही. तिच्या मनात आलं, हा अजून तसाच उभा आहे, न जेवलेला. गेल्यावर तरी हे सुटायला हवं होतं. भीतीपेक्षा तेच तिला असह्य झालं. "दमलास ना," ती म्हणाली. नुसते ओठ हलले. "ठेव आता खाली."

कानाशी अगदी जवळ आलं. टक्.

खटका पुढे गेला की मागे आला, आवाजावरून कळत नाही. दोन्हीचा आवाज एकच असतो.

"मॅडम!" मिस्टर को कागदांकडून टेबलांकडे धावत निघाले होते. ताडपत्री वाऱ्याने फुगली आणि खाली बसली. सात नंबरमध्ये बादली होती.

७

टेबलावरच्या रायफलीचा बोल्ट बंद होता. मिस्टर कोंनी तो ओढून पुन्हा उघडला, आत बोट घालून पाहिलं. रिकामीच होती. एवढ्या महिन्यांत सुचित्राने त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. "माणसं पुढे असताना! मी स्वतः बघितलं होतं, ओपन होता. हू टच्ड? मॅडम, हू टच्ड?" सगळेच पुढे गेले होते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"मला ती द्यायची आहे," सुचित्रा म्हणाली. "आज. आत्ता."

त्यांनी एकदा सात नंबरकडे पाहिलं आणि ते आर्मरीकडे चालू लागले. कागदांवर सह्या झाल्या. रायफल साखळीत गेली, तिथून ती पोलिसांकडे जाणार होती आणि पुढे करवतीखाली. सुचित्राने शेवटचं फडकं फिरवलं नाही. हात पुढे झाला होता, तिने मागे घेतला.

बसमध्ये मायलेकी वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसल्या. रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या काचेला घासून मागे जात होत्या. दोन-तीन थांबे गेले. इराने एकदाही विचारलं नाही की आई, तू कुणाशी बोलत होतीस, काय पाहिलंस. ती मांडीवरच्या कागदाची सुरळी उलगडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

शेवटी काचेकडे बघतच ती म्हणाली, "आई."

"हं."

"ओळखलं का त्याने मला?"

सुचित्राने तिच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांची पोर, बापासारखीच रुंद जिवणी, आणि ती घट्ट मिटून धरलेली. बाप गेला त्या दिवशीही तिने ती अशीच मिटून धरली होती.

"हो," सुचित्रा म्हणाली. "ओळखलं. नाव घेतल्याबरोबर ओळखलं."

इराने कागद बाजूला ठेवला, आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलासारखी. मागच्या बाकावरची चिनी आजी वाकून पाहू लागली आणि मग पर्समधून तिने टिश्यूचं पाकीट पुढे केलं. सुचित्रा लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. हौगांग येईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.